तोफेच्या घरचं मांजर

आमच्या दादाला गल्लीत सगळे तोफ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. सोफे, खुर्च्या, गाद्या दुरुस्त करण्यात त्याच्या हाताला तोड नाही, तशी तोंडालाही नाही. काम करताना तो बारीक खिळे तोंडात धरतो, जिभेने एकेक पुढे सरकवतो आणि ठोकतो. खिळे तोंडात आहेत तोवर घरात शांतता. ते संपले की तोंडाचा पट्टा सुरू. मग समोर गिऱ्हाईक असो, पेपरवाला असो की घरचं माणूस. माझी वहिनी ते ऐकत ऐकतच मेली. पोरीने मात्र ऐकत बसायचं नाकारलं. नोकरी लागल्या लागल्या बॅग भरली आणि चालती झाली, ती परत या घराचा उंबरा चढली नाही. बापाशी बोलत नाही, माझ्याशी बोलते. मी दादाची धाकटी बहीण, गल्लीतच राहते, त्याचा स्वयंपाक बघते, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खायची सोय.

यंदा पोरीचा सोफा बसला. मीच तिच्या मागे लागले की बापासारखा कारागीर तुला शोधून सापडायचा नाही, तू येऊ नकोस हवं तर, सोफा तरी पाठव. मिनतवाऱ्या करून करून माझी जीभ झिजली तेव्हा कुठे बाईसाहेब तयार झाल्या. सोफा टेम्पोने येईल, टेम्पोने जाईल, आणि बाबांनी त्यावरून एक शब्द ऐकवायचा नाही, असं ठरलं. मला एवढंच हवं होतं. सोफा नीट होऊन वेळेवर घरी गेला, तर पोरगी निदान एक फोन करेल. नाहीतर हा माणूस असाच एकटा खिळे चघळत मरणार, हे मला दिसत होतं.

आणि नेमकं तेव्हाच या शहाण्याला मांजर आणायचं सुचलं.

कापसात आणि काथ्यात उंदरांनी उच्छाद मांडला होता हे खरं. भटकी मांजरं पकडून, औषधपाणी करून घरं शोधून देणारी एक बाई आहे, तिच्याकडून तो पिंजरा घेऊन आला. कसलं ते ध्यान! एक कान फाटका, बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि माणूस दिसला की पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून फिस्कारायचं. कधीतरी कुणीतरी पाळलं होतं, मारलं होतं, मग हाकललं होतं. मग कुठल्याशा गोदामात राहून राहून अर्धं रानटी झालं होतं. आधीच्या घरांनी तर हात जोडून परत केलेलं. असलं रत्न आमच्याच वाट्याला यायचं होतं.

पोरीचा सोफा कामाच्या खोलीत पालथा पडला होता, तळाचं कापड काढलेलं, स्प्रिंगा उघड्या. दादाने पिंजरा उघडला आणि चहा टाकायला गेला. परत येऊन बघतो तर मांजर नाही. खिडकीतून गेलं असणार म्हणून त्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तोंडात खिळे भरले आणि सोफ्याला नवं काळं कापड ताणून ठोकायला बसला. मांजर आत आणि वरून हातोडी! ही चूक करायला सोफेवालाच जन्माला यावा लागतो. आतून जी किंचाळी उठली ती ऐकून मी स्वयंपाकघरातून पळत आले. कापड टराटरा फाडून पंजा बाहेर आला होता आणि दादाच्या मनगटातून रक्त वाहत होतं.

मी म्हटलं, बरं झालं, अद्दल घडली, आता ब्याद परत जाईल. त्याने त्या बाईला फोनही केला. पण परत देण्याबद्दल अवाक्षर नाही. आता काय करू, असं विचारत होता. माझ्या दादाने कुणाला तरी विचारलं! मी रक्त पुसायचं विसरून बघत राहिले.

बाईने सांगितलं आणि याने ते वेदवाक्य धरलं. लपलेल्या जागेतून ओढून काढायचं नाही. डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. ठरल्या वेळी खाणं ठेवायचं आणि पाठ करून बसायचं. आवाज चढवायचा नाही. जवळ यायचं की नाही ते मांजर ठरवेल. झालं! तोफेने हातोडी कपाटात ठेवली. ठोकण्याचं काम परत पाठवू लागला, फक्त सुईने शिवायचं ते ठेवलं. संध्याकाळी उकडलेल्या मासळीची ताटली सोफ्याजवळ ठेवून भिंतीकडे तोंड करून फरशीवर बसायचा, तोंडात खिळे धरून. काम नसताना खिळे कशाला, म्हणून मी चिडले, तर चिठ्ठीवर लिहून दाखवलं, "नाहीतर बोलून जाईन."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने बायकोसाठी कधी आवाज खाली आणला नाही, तो एका लूत भरलेल्या मांजरासाठी मूग गिळून बसतो? मी तसं तोंडावर बोलले. त्याने फक्त बोट ओठांवर ठेवलं. मलाच! शिवाय त्या मांजराला कसली जाण? ते रात्री येऊन खायचं आणि दिवसभर स्प्रिंगांत दडून माझ्या पायांवर फिस्कारायचं. मी एकदा झाडूचा दांडा आत घातला तर दादाने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि आठवडाभर मला त्या खोलीत येऊ दिलं नाही.

आणि सोफा? सोफा तसाच पालथा. पोरीचे मला फोन सुरू झाले. कधी होणार? मी काय सांगणार, तुझ्या सोफ्यात मांजर राहतं म्हणून? आज होईल, उद्या होईल करत राहिले. ती एकदा म्हणाली, आत्या, त्यांना करायचं नसेल तर तसं सांगा. मी दादाला हे जसंच्या तसं ऐकवलं, पोरगी तुटेल म्हटलं, एखाद्या खोक्यात घाल ते जनावर. त्याचा चेहरा उतरला. पण मान हलवली, नाही म्हणून. पुन्हा उपटून काढलं तर ते जन्मात कुणावर विश्वास ठेवणार नाही, एवढंच म्हणाला.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका रविवारी पोरगीच टेम्पो घेऊन दारात उभी. मला आनंद झाला, पण मी आधी खोलीचं दार ओढून घ्यायला धावले. ती चपला न काढता थेट खोलीत घुसली आणि पालथा सोफा बघून तिचा आवाज चढला. एवढं एक काम सांगितलं होतं, तेही जमू नये? तिची तोंडाची तोफ थेट बापाची. स्प्रिंगांमध्ये खडबड झाली. दादा फरशीवर बसला होता. त्याने हात वर केला आणि हळू म्हणाला, "जरा हळू बोल. आत घाबरतंय ते."

पोरगी थांबली. वाकून आत बघितलं, तिला दोन डोळे दिसले. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. ओढून काढायचं नाही म्हणे, ओरडायचं नाही म्हणे. मला वाटलं हसेल. ती आतच बघत राहिली.

"मी पलंगाखाली लपायचे," ती म्हणाली. "आठवतंय, बाबा? तुम्ही पाय धरून बाहेर ओढायचात."

मी दादाकडे बघितलं. आता हा उसळणार, तुझ्या भल्यासाठीच म्हणणार, मी ओळखून होते. तो एवढंच म्हणाला, "आठवतंय."

"मग?"

"मला हे माहीतच नव्हतं. वाट बघायची असते हे." तो फरशीकडे बघत म्हणाला. "कुणाला विचारलंही नाही."

पोरीने डोळे पुसले. ती खूप रागावली होती, मऊ वगैरे काही झाली नव्हती. मांजराला जे मिळतंय ते मला का नाही मिळालं, हे तिच्या तोंडावर लिहिलं होतं, आणि खरं सांगते, मलाही तोच राग होता. सोफा राहू दे, म्हणाली. फोन करायचा नाही, आत्याला पाठवायचं नाही. यायचं की नाही ते मी ठरवेन.

"बरं," दादा म्हणाला.

ती निघाली. जाताना तिने दार हळू लावलं, कडीचासुद्धा आवाज होऊ दिला नाही.

मी दादावर तुटून पडले. इतक्या वर्षांनी लेक दारात आली आणि तू बूड हलवत नाहीस? ऊठ, अजून जिन्यात असेल, थांबव तिला. मी त्याचा दंड धरून ओढलं. त्याचे हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. तरी तो जागचा हलला नाही.

"मागे गेलो तर ती पळेल," तो म्हणाला.