दाताची तंबाखू

दसऱ्यानंतरचा दुसरा सोमवार, सकाळची ओपीडी. हजर: माझी थोरली जाऊ, जिला सगळं घर अक्का म्हणतं, त्यांचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर, जयसिंगपूरहून पहिल्या एसटीनं आलेली त्यांची लेक वैशाली, रिपोर्टांची फाईल धरून मी, आणि टेबलापलीकडे डॉक्टर. गैरहजर: माझे मिस्टर. ते खाली गाडी लावायला जागा शोधत होते. जागा मिळाली होती, पण वर यायचा धीर झाला नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, "बायॉप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आलाय." बायॉप्सी म्हणजे जखमेचा बारीक तुकडा काढून तपासणं, एवढं आम्हाला ठाऊक झालं होतं. पुढच्या शब्दांचा अर्थ त्यांनीच सांगितला: गालाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर.

मग त्यांनी विचारलं, "तंबाखू किती वर्षं खाताय?"

अक्का चिडल्याच. "तंबाखू? मी काय गडीमाणूस हाय व्हय? देवाशपथ सांगतो, कधी हातावर घेटली न्हाय." आमच्याकडच्या बायका 'सांगते' न म्हणता 'सांगतो' म्हणतात.

"बरं. दात कशानं घासता?"

"मिश्रीनं. गल्लीत समद्याच घासत्यात की."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अक्का, मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच."

"आवो, पर ती दाताची हाय," अक्का म्हणाल्या. "खायाची न्हवं."

दीर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. वैशालीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. डॉक्टर पुढं काय म्हणाले ते मी टिपून घेतलं, म्हणून आज सांगता येतं. ऐकलेलं काहीच आठवत नाही.

सुरुवात आषाढात झाली होती. आमच्या घरात अक्कांइतका झणझणीत तांबडा रस्सा कोणी खात नाही, आणि एका रविवारी त्या पहिल्याच घासाला ताट सारून उठल्या. "तिखट काय पोत्यानं वतलंस?" असं मला सुनावलंही. पुढं साधं वरणसुद्धा झोंबायला लागलं. गालात पांढरा चट्टा होता, त्याची जखम झाली. दाढ दुखतेय असं समजून अक्का तिथं मिश्री दाबून ठेवायच्या. त्यानं बधिर व्हायचं, बरं वाटायचं. ज्यानं जखम झाली, तेच औषध म्हणून दोन्ही वेळा लावलं जात होतं.

त्याआधी उन्हाळ्यात गल्लीत तोंडाच्या कॅन्सरची तपासणी झाली होती. तिथंही विचारलं होतं, तंबाखूचं व्यसन आहे का? अक्का नाही म्हणाल्या. रांगेतल्या सगळ्याच नाही म्हणाल्या, आणि तोंड न उघडता घरी आल्या. कोणी खोटं बोललं नव्हतं. प्रश्न चुकला होता. तुमच्याकडं तपासणी होणार असेल, तर एवढं आधी सांगा: दात कशानं घासता, ते विचारा.

मग सीटी स्कॅन. म्हणजे आतले आडवे फोटो काढून गाठ किती खोल गेलीय ते बघणं. गाठ जबड्याच्या हाडापर्यंत गेली होती, मानेतही उतरली होती. डॉक्टर म्हणाले, "गाल, जबड्याचा एक भाग आणि मानेतल्या गाठी काढाव्या लागतील. मांडीचं कातडं आणि मांस तिथं लावू." त्याला फ्लॅप म्हणतात. अक्कांनी एकच विचारलं, "म्हशीला हाक मारता यील का?"

हे विचारायचं कारण आहे. अक्कांच्या दोन म्हशी आहेत. संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर त्या धार काढतात आणि लोक तिथंच उभ्यानं धारोष्ण दूध पितात. अक्कांची हाक ऐकल्याशिवाय म्हशी पान्हा सोडत नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर तालमीची अर्धी पोरं बसली होती, रक्त द्यायला. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्तीची जागा नव्हे, गल्लीचं घरच असतं ते. वस्तादांनी सकाळीच बजावलं होतं, "रक्त द्या, पर रडू नका. पैलवान रडला तर पेशंट घाबरतंय." स्वतः जिन्याखाली जाऊन डोळे पुसून आले.

मला याद्या करायची सवय आहे. डबा कोण आणणार, दवाखान्यात कोण थांबणार, हे मी लावून दिलं. लोक न चुकता आले. पण मनातली एकच ओळ कुठल्याही यादीत बसेना: अक्का वाचतील का. ती लिहायला मी कागद घ्यायची आणि दुधाचा हिशेब लिहून ठेवून द्यायची.

म्हशींनी मात्र संप केला. शेवटी तालमीतला संभा, चांगला धिप्पाड गडी, अक्कांचं लुगडं नेसून धारेला बसला. त्याच्या हाकेला नाही, पण लुगड्याच्या वासाला म्हैस फसली. वैशालीनं त्याचा फोटो दवाखान्यात दाखवला. नाकात नळी, अर्धा चेहरा पट्टीत, अक्का हसायला गेल्या आणि टाके ताणले जाऊन कळवळल्या. बोलता येत नव्हतं, म्हणून दिलेल्या पाटीवर लिहिलं, "पदर नीट घ्यायला सांगा त्याला."

त्यानंतर मात्र लिहायच्याही बंद झाल्या. आरसा मागितला, बघितला, पालथा ठेवला. नळीतून पेज सोडायला गेलं की मान फिरवायच्या. मी रागावले, विनवलं, पाया पडले. तुमच्या माणसावर ही वेळ आली, तर धीर धर म्हणू नका. त्या शब्दाचा मला आजही राग येतो. नुसतं जवळ बसा.

पुढं रेडिएशन, म्हणजे उरलेल्या पेशी किरणांनी मारणं. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आवळून टेबलाला अडकवतात. तोंड आतून सोलून निघालं. थुंकी गिळता येईना. आणि जबडा आखडला. त्याला ट्रिस्मस म्हणतात. त्यासाठी व्यायाम असा: आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक दातांत घालायच्या, रोज एखादी वाढवायचा प्रयत्न करायचा. संभानं कोपऱ्यावरच्या दुकानातून काड्यांचं पुडकंच आणलं. अक्का रोज घालायच्या. काडी वाढायची नाही, डोळ्यांतून पाणी तेवढं यायचं.

रेडिएशन संपायला आलं तेव्हा तालमीच्या दाराबाहेर बैठक झाली. गल्लीतल्या बायकांची तोंडं तपासायची, यावर एकमत होतं. पण तपासणी म्हटलं की कोण येणार? गल्लीत घरोघर फिरणाऱ्या सरकारी आरोग्यसेविका, आशाताई, म्हणाल्या, "हळदीकुंकू म्हणा. सगळ्या येतात." संक्रांतीचे दिवस होते. वाण म्हणून ब्रश आणि पेस्ट लुटायची ठरली. जागा मोठी हवी, ती तालमीचीच. आमच्या तालमीत आजवर बाईनं पाऊल टाकलेलं नव्हतं. सगळे वस्तादांकडं बघायला लागले.

वस्ताद म्हणाले, "मारुतीला मी सांगतो. त्यो ऐकतंय माझं."

आमच्या ओळखीतल्या डेंटिस्ट बाई सुट्टीच्या दिवशी आल्या, आपल्या मैत्रिणींना घेऊन आल्या. आखाड्याच्या कडेला खुर्च्या, हातात बॅटरी. कुंकू लावून घ्यायचं, खुर्चीत बसायचं, आ करायचं, वाण घ्यायचं. "पावणं, जरा दात बगू तुमचं," असं एक म्हातारी डेंटिस्ट बाईंनाच म्हणाली, तेव्हा सगळी तालीम हसली. तेवढ्यात बाईंना वस्तादांच्या खिशात तंबाखूच्या चुन्याची डबी, चुनाळं, दिसलं. "वस्ताद, तुम्हीपण बसा." वस्ताद म्हणाले, "मला कशाला? मी कुकू लावत न्हाय." पण बसले.

काहींच्या गालात पांढरे चट्टे निघाले. ल्युकोप्लाकिया: कॅन्सर नव्हे, पण त्याच्या वाटेवरचं ठिकाण. त्या बायकांना तालमीच्या लोकांनी स्वतः गाडीत घालून तपासायला नेलं. त्यांच्यातल्या एकीची गाठ अगदी लहान असताना सापडली, काढली, ती आठवड्यात भाकरी खायला लागली. अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. आनंद होता की दुसरं काही, मी विचारलं नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी सगळं आवरल्यावर डेंटिस्ट बाई अक्कांना बघायला घरी आल्या होत्या, तेव्हा म्हणाल्या, "म्हाताऱ्या बायका फार कमी आल्या." कारण अक्कांनी सांगितलं, जड जिभेनं, दोनदा बोलून: "कुकू पुसल्याली बाई हळदीकुकवाला कशी यील?"

एवढ्या शहाण्या माणसांच्या बैठकीत हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ज्यांनी सगळ्यात जास्त वर्षं मिश्री लावली, त्यांनाच आम्ही आमंत्रणाच्या शब्दानं बाहेर ठेवलं. पुन्हा गेलो, तिळगूळ म्हणून बोलावलं. बऱ्याच जणी आल्या. गंगूमावशी आल्या नाहीत. गल्लीची मिश्री त्यांच्या तव्यावर भाजली जाते. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हा पहिली चिमूट त्यांनीच दिली होती, मायेनं, परक्या घरात रडणाऱ्या पोरीला.

गुढीपाडव्याच्या सुमारास अक्कांच्या मानेत पुन्हा गाठ लागली. रिकरन्स, म्हणजे आजार परतणं. डॉक्टर या वेळी हळू बोलले. "आता बरं करणं हा हेतू नाही. त्रास कमी ठेवू." त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. बाहेर आल्यावर दीर कठड्याला धरून खाली बसले. मी त्यांच्याशेजारी बसले. करण्यासारखं काही नसताना काय करायचं, ते मला येत नाही.

घरी येताना अक्कांनी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. बोटानं गंगूमावशींचं दार दाखवलं.

मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या. अक्कांना बघून उठल्या, आणि पदर तोंडाला लावला. डावा गाल फुगलेला होता.

"आ कर," अक्का म्हणाल्या.

मावशींनी मान हलवली. "मला काय धाड भरलीया? जा, पड जा जरा."

मग अक्का दाराला टेकल्या, चेहऱ्यावरची ओढणी काढली आणि स्वतःचं तोंड उघडलं, जेवढं उघडतं तेवढं. दोन काड्यांइतकं. आत काय आहे ते मला माहीत आहे, मी रोज धुते. मावशी बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पदर मात्र तोंडावरून निघाला नाही.

तालमीचे, आशाताईंचे, डेंटिस्ट बाईंचे आणि रक्त देणाऱ्या पोरांचे उपकार आहेतच. ते फेडायचा एकच मार्ग मला दिसतो. त्या दिवसापासून अक्का रोज संध्याकाळी चौकात न जाता मावशींच्या दारात जाऊन बसतात. म्हशींना हाक आता संभाच मारतो. मी बॅटरी घेऊन सोबत असते.

गंगूमावशींचं तोंड बघायचं अजून राहिलंय.