पूर्वेच्या टोकाची खूण

बदनापूरच्या अलीकडे, रेल्वे रुळापासून कोसभर आत, मुरमाची एक धावपट्टी होती आणि तिचे राखणदार होते तातेराव. या माणसाचा जगात कुणावरच विश्वास नव्हता. जालना स्टेशनवरच्या यंत्रानं तिकिटावर छापलेलं वजन त्यांना पटलं नाही, म्हणून ते मोंढ्यात ओळखीच्या आडत्याकडे जाऊन पोत्याच्या जागी स्वतः काट्यावर बसून आले. तिथं वजन वेगळं निघालं. तेव्हापासून त्यांनी दोन्ही काट्यांना रामराम ठोकला. डॉक्टरनं गोळी दिली की आधी अर्धी खायची आणि काही होतं का ते बघायचं. पोरीची सोयरीक बघायला गेले तर पाहुण्यांच्या आधी पाहुण्यांच्या शेजाऱ्याकडे चहा घ्यायचा. त्यांची बायको गिरिजाबाई सांगायची, की लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही यांनी खालून डोकावून पाहिलं होतं, नवरी दाखवली तीच आहे ना म्हणून.

हा संशय काही आभाळातून पडलेला नव्हता. त्र्याऐंशी साली कपाशीवर विमानानं औषध फवारायचं खूळ निघालं आणि बियाण्याच्या एका कंपनीनं इथं जागा पाहिली. मोजणीची माणसं साखळी घेऊन आली. तातेराव तेव्हा ऐन तिशीत, मन मोठं. त्यांनी बांधाचा खरा दगड दाखवला, वर ताक पाजलं. पट्टी नाल्याच्या कडेनं जाईल असं सांगितलं होतं, ती घुसली तातेरावांच्या रानात. बदल्यात राखणदारी मिळाली. फवारणी दोन-चार हंगामांत बंद पडली, विमान गेलं, राखणदारी तेवढी राहिली. उरलेलं रान पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला लागून होतं. तिथं त्यांनी विहीर पाडली, मोसंबीची बाग उभी केली, आणि मनाशी गाठ मारली की मोजणीवाल्याला पुन्हा खरा दगड दाखवायचा नाही. आमच्याकडे तसं बहुतेक जण हेच करतात. तातेराव ते जरा जास्त मनापासून करणार होते, एवढंच.

दोन हजार एक सालच्या पावसाळ्यात पट्टीवर एक जीप येऊन थांबली. आतून पॅन्टशर्टातला एक तरुण उतरला, हातात दोन डब्या. त्यानं नाव सांगितलं देवानंद. कंपनीच्या नव्या मालकानं चार माणसं बसतील एवढं छोटं विमान घेतलं होतं आणि हा ते चालवणार होता. तातेरावांनी गाव विचारलं. भोकरदन. वडील काय करतात? शाळेत मास्तर होते. मग आडनाव. देवानंदनं आडनाव सांगितलं तसे तातेराव बाजेवर थोडे मागे सरकून बसले. माणसाची मोजणी करायला आपल्याला यंत्र लागत नाही, आडनाव पुरतं. देवानंदला हे मागे सरकणं दिसलं असणार. गिरिजाबाईनं मात्र घरातली चांगली कपबशी काढली आणि नवऱ्याकडे न बघता चहा पुढे केला.

त्या डब्या म्हणजे जीपीएस. देवानंदनं हौसेनं समजावून सांगितलं. आभाळात अमेरिकेचे उपग्रह फिरतात, त्यांच्या खुणेवरून ही डबी आपण कुठं आहोत ते सांगते. जुनी त्यानं आपल्या शिकवणाऱ्या कॅप्टनकडून घेतली होती. तिच्यात नुसता बाण दिसायचा, कुठं जायचं आणि किती लांब. सुरू केल्यावर उपग्रह सापडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा आणि ऐन वाटेत सेल संपायचे. नवी एका विक्रेत्यानं वापरून बघायला दिली होती. तिच्यात नद्या, रेल्वे, डोंगर, सगळा नकाशा रंगीत, आणि जगभरचे विमानतळ आधीच भरलेले. पण देवानंद रंगाला भुलणारा नव्हता. उन्हात पडदा दिसतो का, विमान हादरताना बोटाला बरोबर बटण सापडतं का, सेल किती टिकतात, विमानतळांची माहिती दर साली बदलून मिळते का, हे सगळं बघूनच तो ती घेणार होता. आणि एक मुख्य गोष्ट होती. जगातले विमानतळ तिच्यात होते, पण तातेरावांची ही पट्टी नव्हती. तिची खूण आपणच भरायची होती.

तातेरावांना यातली एकच गोष्ट पटली. देवानंद बोलता बोलता म्हणाला, की गेल्या सालापर्यंत अमेरिका या खुणांमध्ये मुद्दाम थोडी चूक ठेवायची, दुसऱ्या कुणाला नेमकी जागा कळू नये म्हणून. हे ऐकून तातेरावांचा चेहरा उजळला. एवढा मोठा देश, तोसुद्धा खरा दगड दाखवत नव्हता तर. बाकीचं त्यांनी कानाआड केलं. विक्रेता महागाची वस्तू फुकट वापरायला देतो हे त्यांना खरं वाटेना, आणि आभाळातल्या विमानाला वाट दाखवायला जमिनीवरची खूण कशाला लागते हे तर मुळीच पटेना. खूण, टोक, अंतर, हे शब्द त्यांनी अठरा वर्षांपूर्वी ऐकले होते. पट्टी वाढवायचा घाट दिसतोय, आणि वाढली तर ती पूर्वेकडेच वाढणार, बागेतून.

तेवढ्यात पश्चिमेकडून आभाळ भरून आलं. काळी माती भिजली की जीप जागची हलत नाही, हे देवानंदलाही ठाऊक होतं. दोन्ही टोकं चालत गाठायला वेळ उरला नाही. मग त्यानं जुनी डबी तातेरावांच्या हातात दिली, बटण दाखवलं आणि सांगितलं की तुम्ही पूर्वेच्या टोकाला जाऊन उभे राहा आणि हे दाबा, तोवर मी पश्चिमेचं उरकतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमान पूर्वेच्या बाजूनं खाली उतरणार, तेव्हा तुमची खूण महत्त्वाची, हेही तो म्हणाला. अठरा वर्षं पट्टी राखणाऱ्या माणसाला टोक कुठं आहे हे आणखी काय सांगायचं?

तातेराव डबी घेऊन निघाले. बागेच्या बांधाशी पट्टीच्या टोकाचा चुना लावलेला दगड होता. त्यांनी मागे वळून पाहिलं, देवानंद पाठमोरा लांब चालला होता. ते दगडापाशी थांबलेच नाहीत. बागेच्या बाजूनं उतरून नाला ओलांडला, पलीकडच्या गायरानात गेले, चांगलं आतवर, आणि तिथं उभं राहून बटण दाबलं. गायरान कुणाच्याच बापाचं नाही, घ्यायचं तर ते घ्या, असा हिशेब. परत येऊन त्यांनी डबी दिली तेव्हा देवानंदनं पडद्यावर पाहिलंही नाही. आभार मानून तो जीपमध्ये बसला. आपण एका शिकलेल्या माणसाला बनवलं याचं तातेरावांना संध्याकाळभर फार बरं वाटत होतं. गिरिजाबाईला त्यांनी सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या लेकरानं भरोशानं हातात देल्तं, अन् तुमी हे करून राह्यले?" तिला व्यवहार कळत नाही, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

देवानंदनं नवी डबी घेतली, जुनीतली खूण तिच्यात भरली आणि विमान आणायचा दिवस कळवला. तातेरावांचं काम होतं पट्टीवर गुरं येऊ न देणं. त्या सकाळी भुरभुर पाऊस होता, ढग खाली उतरलेले, नाल्यापलीकडचं सगळं धुरकट. पट्टीवर गवत माजलेलं, त्यामुळे पट्टी कोणती आणि गायरान कोणतं हे जमिनीवरूनसुद्धा नीट कळत नव्हतं. तातेराव बागेच्या बांधावर उभे होते. पूर्वेकडून घरघर ऐकू आली. त्यांनी मान वर करून बागेच्या डोक्यावर पाहिलं, तिथं काहीच नव्हतं.

विमान निघालं ते नाल्याच्या पलीकडून, ढगातून एकदम खाली, नाक सरळ गायरानाकडे. तातेरावांना आधी कळेचना की हे तिकडे का चाललं आहे. मग कळलं. ते जिथं उभे राहिले होते, नेमकं तिथंच ते चाललं होतं. आणि त्या गायरानात उन्हाळ्यात पाणी मुरवायला मांडीएवढे खोल चर खणले होते, एकामागून एक, आता गवतानं पार झाकलेले. वरून ते हिरवंगार सपाट रान दिसत असणार. तातेराव घाबरले. आयुष्यात इतके ते कधी घाबरले नव्हते, बाग जाईल या भीतीनंही नाही.

ते धावत सुटले. नाल्याला पाणी होतं, त्यात पडले, उठले, डोक्याचा पटका सोडून हातात घेतला आणि गायरानात शिरून विमानाच्या वाटेतच उभे राहिले, पटका दोन्ही हातांनी हलवत. विमान मोठं होत आलं. काचेमागचं डोकं दिसायला लागलं. तरी ते हलले नाहीत. शेवटी इंजिन कडाडलं, नाक वर झालं आणि चाकं त्यांच्या डोक्यावरून निघून गेली. ते चराच्या काठाशी तसेच खाली बसले. विमानानं एक मोठी गिरकी घेतली, मग त्याला मुरूम दिसला आणि ते पट्टीवर उतरलं.

देवानंद विमानातून उतरून नाल्यापलीकडे आला. चर त्यानं पाहिले आणि तातेरावांचे पाय धरायला वाकला. तुम्ही नसता तर आज संपलंच होतं, असं तो म्हणाला. मग भडाभडा बोलत सुटला. नवी डबी तो विक्रेत्याला परत करणार होता. किंवा खूण भरताना आपलंच काही चुकलं असेल, तसं मालकाला सांगून टाकणार होता. ज्याला आपली पट्टी सापडत नाही त्याच्या हातात विमान कशाला द्यायचं, मालकानं काढलं तर बरोबरच काढलं म्हणायचं.

गप्प बसणं सोपं होतं. बाग वाचली होती, वर देवमाणूस ठरले होते, आणि दोष घ्यायला यंत्र आणि पोरगा दोघंही तयार होते. तातेराव नाल्यात भिजलेला पटका पिळू लागले. त्या डबीवर त्यांनी किती संशय घेतला होता, आणि तिनं मात्र त्यांच्या बोटावर तिळमात्र संशय घेतला नव्हता. सांगितलं ते खरं धरून ती एका माणसाला घेऊन निघाली होती.

"डबीत फरक न्हाई," ते म्हणाले. "बटन म्या हितं येऊन दाबलं. तुमी मोजणी करून राह्यले असं वाटलं मला."

देवानंदनं एकदा चराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "तात्या, तुमी माझं आडनाव इचारलं. म्या तुम्हाला काहीच इचारलं न्हाई."

तातेरावांना वाटलं, यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोघं नाला ओलांडून परत आले. तातेराव पुढे चालले आणि बागेच्या बांधाशी जाऊन त्यांनी चुना लावलेला दगड दाखवला, हेच टोक म्हणून सांगितलं. आणि डबीसाठी हात पुढे केला. देवानंदनं तो हात पाहिला, डबी आपल्याच हातात ठेवली, दगडावर पाय रोवला आणि बटण स्वतः दाबलं.

त्यानं ही गोष्ट मालकाला सांगितली नाही, कुणालाच सांगितली नाही. पट्टीही कधी वाढली नाही. तो पुढे कित्येक वर्षं येत राहिला, आला की गिरिजाबाईच्या हातचा चहा घ्यायचा आणि तातेरावांशी चांगलं बोलायचा. फक्त खाली उतरण्याआधी तो पट्टीवरून एक सावकाश फेरी मारायचा, आभाळ स्वच्छ असलं तरी. गावातले लोक म्हणायचे, नवं यंत्र असूनही कॅप्टन किती जपून उतरतो. तातेराव बांधावर उभे राहून ती फेरी पूर्ण होईपर्यंत मान खाली घालायचे.