जागा रिकामी होईपर्यंत

शेवंताबाईनं आपली तेरवी जिवंतपणीच उरकून घेतली, तेव्हा गावात सगळ्यात जास्त मी हसलो होतो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

आमचं गाव बालाघाट जिल्ह्यातलं, वारासिवनीपासून आठ किलोमीटर. इथल्या शाळेत मी तीस वर्षं मास्तरकी केली. शेवंताबाई माझ्या घरामागे राहते. वय चौऱ्याहत्तर, मूलबाळ नाही. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा पुतण्यानं, हेमराजनं, मोठ्या थाटात तेरवी केली. साडेतीनशे पानं उठली. महिन्याभरानं तोच हेमराज कागद घेऊन दारात उभा. खर्च मी केला, तर काकाचं धानाचं वावर माझ्या नावावर करा. बाईनं अंगठा दिला. राहिलं फक्त घर, दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं. त्या घरात, आपल्या चुलीपुढं मरायचं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती.

"माझ्या तेरवीच्या नावानं तो घर मांगल, गुर्जी," ती मला म्हणाली. "मंग मीच करून टाकतो न माझी तेरवी. कोणाचा उपकार नाई पाह्यजे मले."

तिला म्हाताऱ्यांची पेन्शन मिळायची, महिन्याला सहाशे. त्यातून तिनं चार वर्षं थोडं थोडं बाजूला टाकलं. आमच्याकडे ज्याच्या मागे कोणी नाही तो माणूस कधी कधी असं करतो, त्यात नवल नाही. पत्रिका मी लिहून दिली. वारासिवनीच्या प्रेसवाल्याकडे तेरवीचा एकच ठरलेला नमुना होता, त्याच काळ्या चौकटीत त्यानं छापून दिलं. मी गमतीनं खाली एक ओळ टाकायला लावली, की श्रीमती शेवंताबाई स्वतः हजर राहतील. आणि ती होतीच. चिन्नोरचा भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. पदर खोचून ती पंगतीत बुंदी वाढत फिरली. "घ्या, मेल्यावर कोण इचारते तुमाले!" आम्ही पोट धरून हसलो. पंचायतीचा सचिव दुलीचंदही त्या पंगतीत होता, आणि त्यानं दोनदा बुंदी मागून घेतली.

पुढच्या वर्षी पेन्शन वाढली. सहाशेचे बाराशे. चौकात फटाके फुटले, पंचायतीवर फलक लागला. शेवंताबाई मला म्हणाली, आता बीपीची गोळी रोज खाईन, एक दिवसाआड नाही.

इथं सरकारची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल मास्तर एकांगी आहे. म्हाताऱ्यांचे पैसे दुप्पट करायचे, तर तिजोरीतूनही दुप्पट जायला हवेत. ते काही कोणी ठेवले नव्हते. मग रस्ता एकच उरतो, म्हातारे कमी करायचे. असं कागदावर कोणी लिहीत नाही. कागदावर लिहितात, पडताळणी करून अपात्र नावं वगळावीत. किती वगळावीत ते फोनवर सांगतात. आमच्या पंचायतीला बारा सांगितली होती.

दुलीचंद लामता गावाकडचा, दोन पंचायती सांभाळणारा. खरोखर मेलेले, गाव सोडून गेलेले, नोकरीवाल्या मुलांचे बाप, असे जमवून त्यानं अकरा भरले. बाराव्यासाठी त्याला फार लांब जावं लागलं नाही. पंचायतीच्या फायलीत काळ्या चौकटीची पत्रिका पडलेलीच होती.

तीन महिने पैसे आले नाहीत. बँकेच्या कियोस्कवरचा पोरगा म्हणायचा, "अम्मा, नहीं आया." चौथ्या महिन्यात मी सरकारी पोर्टलवर तिचा समग्रचा, म्हणजे ओळखीचा, नंबर टाकून पाहिला. नावापुढे लिहिलं होतं, मृत.

मी दुलीचंदला पंचायतीतच गाठलं. शेवंताबाई सोबत होती. तो खुर्चीतून उठला नाही.

"पत्रिका रेकॉर्डवर हाय, मास्टरजी."

"अरे बाबू, तुह्या पानात बुंदी कोनं वाढलती?" शेवंताबाईनं विचारलं.

तो खाली पाहून म्हणाला, "गर्दी होती काकी, ध्यान नाई राह्यलं."

साफ खोटं. चूक झाली असती तर मी माफ केली असती. ही चूक नव्हती, हा आकडा होता.

मग जनपदच्या, म्हणजे तालुका पंचायतीच्या, कार्यालयात गेलो. एकदा, दोनदा, पाचदा. दर वेळी बसनं, दर वेळी ती नऊवारी बदलून, भांग काढून, जिवंत दिसायला हवं म्हणून. पाचव्या वेळी साहेब भेटले. माणूस वाईट नव्हता, हे जास्त वाईट. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं, कागद पाहिले आणि जिवंत असल्याचा शिक्का तिथंच मारून दिला. मला इतका आनंद झाला की मी हात जोडले.

"लेकिन पेंशन अब नए सिरे से लगेगी," साहेब म्हणाले. "और नए नाम बंद हैं."

"काहून बंद?" शेवंताबाई.

"राशि दुगनी हुई है अम्मा, बजट दुगना नहीं हुआ. आपकी पंचायत की संख्या बँध गई है. कोई जगह खाली होगी, तो पहला नंबर आपका." त्यांनी वहीत तिचं नाव पहिल्या ओळीत लिहिलं. जागा रिकामी कशी होते, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

आमच्या गल्लीत पलीकडच्या घरात महागू राहतो. तिच्या नवऱ्याचा जुना सोबती, ऐंशीचा, दोन्ही डोळे गेलेले, मुलगा नागपुरात. सहा वर्षं झाली, त्याचं संध्याकाळचं ताट शेवंताबाई नेते. तांदूळ रेशनचा, डाळ-तेल महागूच्या पेन्शनचं, रांधणं तिचं. तिची पेन्शन गेल्यावर तर त्याच डाळीवर दोघांचं चालत होतं.

गावात गोष्ट लपत नाही. पानठेल्यावरच्या रिकामटेकड्यांनी महागूला सांगितलं, "बाबा, सांभाळून राहा. तुमचा नंबर खाली झाला का काकीचा लागते." तो हसला म्हणे. हेमराज मात्र हसला नाही. तो दर आठ दिवसांनी यायला लागला. "चाल काकी, माझ्या घरी राहा. फक्त घराचं लिहून दे." ती नाही म्हणायची, पण आवाज दर खेपेला बारीक होत होता.

माघात महागूला खोकला लागला. पोटही बिघडलं, दोन दिवस काही पचेना. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ बसलो होतो, तेव्हा शेवंताबाई मऊ भात आणि वरण घेऊन आली. तिनं ताट त्याच्यापुढे सरकवलं, त्याचा हात धरून भातावर ठेवला, रोजच्यासारखा. त्यानं हात मागं घेतला.

"का झालं, भाऊजी? गरम हाय का?"

महागू त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "वैनी, आंधी तू खा एक घास."

मला वाटलं ती ताट उचलून फेकेल. मी असतो तर फेकलं असतं. ती खाली बसली. भात कालवला, घास तोंडात घातला, चावला, आणि त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं म्हणाली, "खाल्ला."

महागूनं ताट ओढलं. जेवता जेवता तो रडत होता, तीही रडत होती.

महागू त्या दुखण्यातून उठला. ताट अजून रोज जातं. आता त्याला मागावं लागत नाही. शेवंताबाई दारातच एक घास खाते, "खाल्ला" म्हणते आणि मग आत जाते.