बोकडाची मेहनत

फरिदाबीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. आमच्या भूमकडच्या वस्तीवर हापशाला उजाडल्यावर पाणी राहत नाही. उशिरा उठणारा घागर परत नेतो. पाणी झालं की शेळीची धार, मग भाकरी, मग लोकांच्या रानात खुरपणी. मी विहिरी खोदायचो तेव्हा ती आमच्याकडं पाट्या उचलायला होती. अर्धी पाटी भरून वर नेलेली मी कधी पाहिली नाही.

तिच्याकडं एकच शेळी. काळी, लांब कानांची. शेजारच्या सिद्धेश्वरकडंही तसलीच शेळी, वर एक बोकड. वस्तीवर बोकड तेवढा एकच. दोन्ही शेळ्या एकाच आठवड्यात व्यायल्या. दोघींना एकेक पाट, म्हणजे मादी पिल्लू, झाली, दोन्ही काळ्या. माळावर लांडग्यानं एक नेली. उरलेली कुणाची, यावर भांडण लागलं.

"चाची, तुझी गेली. माझी राहिली," सिद्धेश्वर म्हणाला.

"लांडग्यानं तुला सांगितलं व्हय?"

फरिदाबीला दुसरी शेळी विकत घेणं जमणारं नव्हतं. ही पाट गेली तर तिचं शेरडांचं खांड एकावरच थांबणार होतं.

सरपंच महांतप्पांनी जुना उपाय केला. दोन्ही शेळ्या उभ्या केल्या आणि पाट मधे सोडली. ती आधी फरिदाबीच्या शेळीला लुचली, मग सिद्धेश्वरच्या. मग महांतप्पांच्या धोतरात शिरली.

"आता आप्पांचं बी रक्त तपासा," कुणीतरी म्हणालं.

हसण्यावारी निघालेली गोष्ट महांतप्पांनी धरून ठेवली. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डीएनए तपासायचा, हरेल त्यानं खर्च द्यायचा, असं ठरलं. खर्च पाटीच्या किमतीहून जास्त होता. दोघंही हटले नाहीत. तोवर पाट ग्रामपंचायतीत बांधली. तिनं घरपट्टीच्या नोटिसा खाल्ल्या. गावानं तिला गूळ चारला.

डॉक्टरांनी दोन्ही शेळ्यांच्या आणि पाटीच्या मानेतून रक्त काढलं आणि समजावून सांगितलं. "रक्तातल्या पेशीत लांब धाग्यासारखा डीएनए असतो. पिल्लाला निम्मा आईकडून येतो, निम्मा बापाकडून. प्रयोगशाळेत त्याच्यावरच्या ठरावीक जागा बघतात. दर जागी पिल्लाच्या दोन खुणा. त्यातली एक आईत सापडलीच पाहिजे. एखादी जागा योगायोगानंही जुळते, म्हणून पुष्कळ जागा बघायच्या. बऱ्याच जागी जुळलं नाही, तर ती आई नव्हे."

"निम्मं आईचं, निम्मं बापाचं," फरिदाबी म्हणाली. "म्हंजे आपली अर्धेलीच की, डॉक्टरसाहेब."

अर्धेली आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक. एकाची शेळी, दुसऱ्यानं सांभाळायची, पिल्लं निम्मी निम्मी. डॉक्टर हसून व्हय म्हणाले. सिद्धेश्वर हसला नाही. तो घरी गेला आणि बोकड घेऊन आला.

"याचं बी घ्या."

चार नळ्या बर्फाच्या डब्यातून गेल्या.

निकाल आला तेव्हा पाटीला शिंगं फुटली होती. आई फरिदाबीची शेळी, बाप सिद्धेश्वरचा बोकड. फरिदाबीनं दावं सोडायला हात घातला.

"थांब चाची," सिद्धेश्वर म्हणाला. "खर्च मी देतो, मी हरलो. पण निम्मी पाट माझी. अर्धेली तूच बोललीस, डॉक्टर व्हय म्हणाले."

तेवढ्यात म्हातारा हरिबा उठला. "सिद्ध्या, तुझा बोकड माझ्या जुन्या बोकडाचा. मग तुझ्या निम्म्यात निम्मं माझं."

"तुमचा तर कळंबच्या बाजारातून आणलेला!"

"मग त्याचा मालक बी हुडका. त्यालाबी मिळू द्या एक कान."

सगळे बोलायला लागले. ज्यांच्याकडं शेरडं नव्हती तेही हिस्सा सांगू लागले. पाट कुणाला कुठवर जाते, याचा हिशेब शेपटीपाशी अडला.

फरिदाबीनं दावं हाताला गुंडाळलं. "आप्पा, अर्धेलीत निम्मं कशाला मिळतं? रक्ताला का मेहनतीला?"

"मेहनतीला," महांतप्पा म्हणाले.

"मग इचारा की याला. हिच्या आईला पाणी म्या पाजलं, पाला म्या तोडला, बाळंतपण म्या केलं. याच्या बोकडानं काय मेहनत केली?"

"केली की थोडी!" हरिबा म्हणाला.

"किती?"

"चिलीम पेटंस्तोवर."

बाया पदर तोंडाला लावून उठल्या. सिद्धेश्वर लाल झाला, पण नाही म्हणता येईना. तो सगळ्या वस्तीनं पाहिलेला प्रकार होता.

मग महांतप्पांनी गंभीरपणे निवाडा दिला. पाट फरिदाबीची. बोकडानं केलेल्या मेहनतीचा मोबदला म्हणून तिनं त्याला कडब्याची एक पेंढी द्यावी.

"देते," फरिदाबी म्हणाली. "कुणाची मेहनत बुडवायची न्हाय मला."

हरले तर खर्चाला असावेत म्हणून तिनं खुरपणीचे पैसे मोडले नव्हते. त्यातूनच तिनं पेंढी घेतली. हलकी घेतली नाही. पाचसहा उचलून पाहिल्या आणि हिरव्या पानांची निवडली. ती डोक्यावर घेऊन सिद्धेश्वरच्या दारात गेली आणि बोकडापुढं टाकली. पाट दाव्याला होतीच. बोकडानं मान खाली घालायच्या आधी पाटीनंच दोन पानं ओढली.