येफीमची सही

लाटव्हियातल्या दाउगावपिल्समध्ये येफीम साव्हेलिच झुबारेव्ह एका जागी बसलेला दिसायचा तो फक्त ट्राम चालवताना, आणि तेव्हाही ती जागाच धावत असायची. एरवी गड्याच्या पायाला भिंगरी. आज तर सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात त्याच्या येरझाऱ्यांनी फरशी झिजायची बाकी होती.

"बस की रे मेल्या," बाकावरून त्याची बायको अंतोनिदा म्हणाली. "तुझ्यामागं वळून वळून मान अवघडली माझी."

"मग नको बघूस."

दोघंही बाजारामागच्या एकाच इस्पितळात जन्मलेली, चार महिन्यांच्या अंतरानं, बासष्ट वर्षांपूर्वी. पण देश सोव्हिएत संघातून सुटला तेव्हा ठरलं, की ज्यांचे वाडवडील युद्धाआधी इथले नागरिक होते, ते आपोआप नागरिक. अंतोनिदाची जुन्या ख्रिस्ती पंथाची रशियन माणसं तीनशे वर्षं इथं काकड्या लावत आलेली. तिला पासपोर्ट आयता मिळाला. येफीमचा बाप युद्धानंतर पूल दुरुस्त करायला आला आणि पुलासारखाच इथं रुतून बसला. लेकाच्या हाती जे पुस्तक पडलं, त्यावर ठळक छापलं होतं, 'परक्याचा पासपोर्ट'. डेपोतले दोस्त त्याला परग्रहावरचाच ठरवून विचारायचे, "साव्हेलिच, उडती तबकडी कुठं लावलीस आज?"

दर निवडणुकीला बायको मत द्यायला शाळेत शिरायची आणि हा फाटकाबाहेर बर्फ लाथाडत, नाहीतर खडे लाथाडत, उभा. येत्या जूनमध्ये मात्र आत जायचंच, असा त्यानं पण केला होता. भाषेची परीक्षा झाली, इतिहासाची झाली, राष्ट्रगीत न चुकता लिहून झालं. उरली होती निष्ठेच्या प्रतिज्ञेखालची सही. याआधी दोनदा तो इथवर येऊन पळाला होता.

"अडलंय कुठं तुझं?" अंतोनिदानं विचारलं.

"चाळीस वर्षं या गावाला कामावर पोचवतोय. आता कालची पोर विचारणार, निष्ठा आहे ना? तुला विचारलं कधी कुणी?"

"नाही बाई. माझं म्हणजे आजोबांचा जुना कोट. अंगाला बसतो का, कुणी बघितलंच नाही. तू निदान मापानं शिवून घेतोयस."

"हो! आणि शिंपी तीस वर्षं मापच घेतोय!"

दारातून कचेरीतल्या मुलीनं डोकं काढलं. "झुबारेव्ह साहेब, येताय ना? बाराला आमची जेवणाची सुट्टी."

दोघं आत गेली. टेबलावर प्रतिज्ञेचा कागद होता, पेन होतं. येफीमनं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग एकदम म्हणाला, "आधी ही वाचेल. हिनं जन्मात वाचलेली नाही."

मुलगी गोंधळली. "पण त्या तर नागरिकच आहेत."

"म्हणूनच."

"आण इकडं," अंतोनिदानं चष्मा चढवला. "भिते की काय मी!"

पहिल्याच ओळीत तिची गाडी रुळावरून घसरली. घरात, बाजारात, देवापुढं आयुष्यभर रशियन बोललेली बाई. लाटव्हियन येते का, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या ओळीला तर मुलगी तोंडावर हात धरून खिडकीबाहेर बघायला लागली.

"स्वर लांब म्हण, लांब!" येफीम तडकला. "आणि जोर पहिल्या अक्षरावर दे."

"देतेय की!"

"कुठं देतेस? 'फक्त' गिळलास सबंध. 'फक्त लाटव्हियाच्या प्रजासत्ताकाशी.' इतकं साधं येईना? दे तो कागद!"

आणि ट्राममध्ये थांब्यांची नावं पुकारावीत तशा खणखणीत आवाजात त्यानं प्रतिज्ञा शेवटपर्यंत वाचली. एक वेलांटी हलली नाही. संपल्यावर त्याला उमगलं, की आपण तर ती म्हणून बसलो.

"ही नापास," तो मुलीला म्हणाला. "हिचा पासपोर्ट घ्या काढून."

"तसा कायदा नाही हो."

"नाहीच! सगळे कायदे माझ्यासाठीच!" असं म्हणत त्यानं उभ्याउभ्या सही ठोकली. दोन्ही प्रतींवर.

"आता वरून नागरिकत्वाचा आदेश निघाला की झालं," मुलगी म्हणाली. "तीनेक महिने धरा."

येफीम बोटांवर मोजत व्हरांड्यात पोचलासुद्धा. एप्रिल, मे, जून. तिथूनच तो ओरडला, "निवडणूक सात जूनला आहे, बाई! त्यांना सांगा, सात तारखेला!"