जावयाची लंगडी होडी

साल दोन हजार बावीस, वय एकाहत्तर, शिक्षण तिसरी, अन् समुद्र तोवर एकदाही पाहिलेला नाही. तेव्हा जावयाची होडी निवडायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा कोण?

बोलावलं कोणी नव्हतं. आमची वंदी कोकणात दिलेली. जावई मासेमार. त्याची जुनी होडी लाटांनी फोडली अन् नवी मिळेपर्यंत धंदा बंद. हे कळताच मी केनवडहून निघालो. (सारी उमर बैलं पारखली; होडी म्हणजे काय, बिनशिंगाचा बैलच!)

किनाऱ्यावर दोन होड्या विकायला होत्या. एक सपाट बुडाची, वाळूवर ऐटीत उभी. दुसरी निमुळत्या पोटाची, एका कुशीवर कललेली.

"हे लंगडी हाय," मी निकाल दिला. "उभीच राहून नाही राह्यली, तं चालन काय?"

"बाबा, ती पाण्यात सरळ होते," जावई म्हणाला. "लाट कापते. सपाट होडी खाडीत ठीक, इथल्या समुद्रात आपटते."

"जुंपल्याबिगर जनावर घ्यायचं नसते, जावईबापू! चला, ह्या सपाटीले जुंपा!"

"बाबा, ह्यायचं आयका ना!" वंदी कळवळली.

"तू चूप राह्य!"

जुंपली. पहिल्या लाटेने आम्हाला उचललं अन् दाणकन आपटलं! दुसरीने माझी टोपी नेली. तिसरीला मी जावयाची मांडी कवटाळली. (बैल उधळला तर शेपटी तरी सापडते!)

"कशी वाटते, बाबा?"

"माघारी फिरवा!"

काठाला लागलो तर कललेल्या होडीपाशी दुसरं गिऱ्हाईक उभं! जावयाचा चेहरा उतरला. आमच्या बैलबाजारात ज्याच्या हाती कासरा, त्याचाच सौदा. तो सोडेपर्यंत तिसऱ्याने तोंड घालायचं नाही. मी ओल्या धोतरानिशी धावलो अन् होडीचा दोर धरला.

"काका, ती मी बघतोय," गिऱ्हाईक म्हणालं.

"पाह्य ना! पण दोर माह्या हातात हाय!"

होडीचा मालक गोंधळला. "अहो, मघाशी तुम्हीच तिला लंगडी म्हणालात ना?"

"लंगडी हाय, पण आमची हाय!"

मी दोराचे मनगटाला वेढे घेतले अन् वाळूत फतकल मारली. निथळत्या म्हाताऱ्याशी भांडणार कोण? गिऱ्हाईक हसत निघून गेलं. जावयाने तिथेच सौदा पक्का केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीची पूजा झाली. पहिल्या फेरीचा मान सासऱ्याचा, असं सगळ्यांनी ठरवलं. मी छाती काढून होडीत चढलो, मिशीला पीळ दिला, वंदीकडून झोकात फोटो काढून घेतला, अन् ती पाण्यात लोटायच्या आत खाली उतरलो.