कुसुमनं लग्न केलं त्याचे किस्से

आम्ही जुन्या टायपिस्ट बायका भेटलो की आधी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी होते आणि मग कुसुमचा विषय निघतो. तिचे किस्से संपतच नाहीत. दर वेळी एखादा नवाच सापडतो!

मध्य प्रदेश नवा नवा होता तेव्हाची गोष्ट. इंदूरच्या एका मिलच्या ऑफिसात आम्ही दोघी टायपिस्ट, मी आणि कुसुम जाधव. तिचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. ती ऐट नातीत पुरेपूर उतरली होती.

*

ऑफिसात बायकांसाठी बाथरूम नव्हतं. समोरच्या काकूंच्या घरी जावं लागायचं. कुसुमनं प्रत्येक वेळी रजेचा रीतसर अर्ज द्यायला सुरुवात केली. कारण अगदी खुलासेवार! चौथ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी हात जोडले, "बाईजी, बस करो!"

महिन्याभरात बाथरूम तयार.

*

नियम असा, की बाईचं लग्न झालं की नोकरी संपली. कुसुमनं लग्न केलं आणि सोमवारी पेढे घेऊन हजर!

साहेब म्हणाले, "शादी हो गई, अब घर संभालो."

"सर, आपकी भी तो हुई है!"

साहेबांनी पेढा खाल्ला. दुपारी तिला काढल्याचं पत्र निघालं. ते टाइप मलाच करावं लागलं.

*

युनियननं केस लेबर कोर्टात नेली. मिलचे वकील म्हणाले, लग्नानंतर बायकांचं कामात लक्ष राहत नाही. जजसाहेबांनी टाइपरायटर मागवला आणि वकिलांची सगळी दलील कुसुमलाच टाइप करायला लावली. कागद वाचून म्हणाले, "टाइपिंग में कोई गलती नहीं. गलती दलील में है!"

*

केस तीन वर्षं चालली. त्याच काळात मला जवळच्याच हातोद गावच्या एका मास्तरांचं स्थळ आलं. माणूस मला आवडला होता. पण घर माझ्या नोकरीवर चालायचं. "निकाल लागू द्या," मी म्हटलं. "थांबतो," ते म्हणाले. दोन वर्षं थांबलेही. निकालाच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांच्या लग्नाची पत्रिका आली.

हातोदची बस दिसली, की मी अजून तिच्या खिडक्यांतून आत बघते.

*

कुसुम जिंकली. तो नियमच गेला! पण तोवर तिच्या नवऱ्याची बदली भोपाळला झाली होती. तरी ती तिथून कामावर रुजू व्हायला आली. दिवसभर माझ्या शेजारी बसून टाइप करत होती. मधूनच माझ्याकडे बघून हसायची. पाच वाजता तिनं स्वतःचा राजीनामा साहेबांपुढे ठेवला.

साहेब चक्रावले. "इतने साल लड़ीं, और अब ये? कारण तो लिखो!"

कुसुमनं कागद पुन्हा मशीनवर चढवला आणि खाली एकच ओळ टाइप केली.

"कारण : मेरी मर्ज़ी."